निळी राहिलेली नळी

मी एक बुटकी काचेची बाटली बोलतेय. माझ्या पोटात निळं द्रावण आहे. मोरचूद, धुण्याचा सोडा आणि लिंबाच्या आम्लाचं मीठ घालून सरांनी स्वतः तयार केलेलं. सर रसायनशास्त्र शिकवायचे. माझं द्रावण नळीत ग्लुकोजबरोबर उकळलं की निळ्याचं हिरवं, मग पिवळं, शेवटी विटकरी व्हायचं. सर निवृत्त झाले आणि मीही त्यांच्या घरच्या फडताळात आले.

मग एकदा घराचा जीव टांगणीला लागला. सरांच्या पत्नीला, म्हणजे बाईंना, मधुमेह, पायाची जखम महिनाभर भरत नव्हती. त्यात खोकला लागला. औषधवाल्यानं स्वतः बनवलेलं गोडसर औषध त्या दिवसातून चार वेळा घेत होत्या.

"बिनसाखरेचं आहे म्हणाला तो."

"मग तुझी साखर वाढतेय कशानं?"

सरांनी औषधाचे थेंब माझ्या द्रावणात उकळले. नळी निळीच राहिली. बाईंनी चमचा उचलला.

"थांब गं, खात्री करू दे." सरांचा स्वतःवर कधीच भरवसा नव्हता. त्यांनी दुसऱ्या नळीत डब्यातली चिमूटभर साखर टाकली. तीही निळीच!

"द्रावणच बाद झालंय." त्यांनी मला मोरीपाशी नेलं, बूच काढलं.

मी ओरडणार कशी? माझं काहीच बिघडलं नव्हतं. साध्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांचे हात घट्ट धरून असतात. माझ्या मोरचुदातल्या तांब्याला धरायला त्यांचा हातच मोकळा नसतो, म्हणून रंग बदलत नाही. सरांनीच तर हे चाळीस वर्षं शिकवलं!

"अहो, जन्मभर साखर शिकवलीत आणि चहातली ओळखता येईना?" बाई हसल्या.

सरांचा हात थबकला. "अगं, चहातलीच तर! ती आधी आम्लात उकळून फोडावी लागते... विसरलोच मी."

त्यांनी औषध आम्लात उकळलं, आम्ल मारायला फेस थांबेपर्यंत सोडा घातला आणि मग मला नळीवर वाकवलं. पुन्हा उकळल्यावर बघता बघता नळी विटकरी झाली. औषधात साखर होतीच.

सरांनी बाईंच्या हातातला चमचा काढून घेतला. "किती दिवस घेतलंस?"

"आठ," बाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या.

जखम भरतेय का, ते फडताळातून दिसत नाही. माझ्यात दोन बोटं द्रावण उरलंय. ते संपण्याआधी एवढंच सांगते: नळी निळी राहिली म्हणून निर्धास्त होऊ नका. विचारायची रीत चुकली, तर मी खरं बोलूनही घात करीन.