लिफ्टमनचा आडवा कॅमेरा

मी एक स्वस्तातला कॅमेरा बोलतोय. आवाज दबका येईल, कारण मी कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या स्वेटरखाली पडून होतो आणि घसा अजून मोकळा झालेला नाही. बरं, एकटा मीच अडकलेलो नव्हतो. माझ्या पोटात एक रीळही अडकलं होतं. त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

माझं अंग प्लॅस्टिकचं, भिंगही प्लॅस्टिकचं, ऐट मात्र मोठी. डोक्यावर एक बटण आहे. ते सरकवलं की आत रिळासमोर दोन काळ्या पट्ट्या येतात, एक वरून, एक खालून. मधल्या फटीत मावेल तेवढाच फोटो. तो छापला की लांबच लांब दिसतो आणि लोक म्हणतात, "वा, काय रुंद आलाय!" रुंद कसलं? मी आपला वरचं-खालचं कापतो, एवढंच.

पहिल्या मालकाने ते बटण इतक्या जोरात सरकवलं की पट्ट्या बसल्या त्या बसल्याच. तेव्हापासून मी जग फटीतूनच बघतोय. त्याने मला एका भंगारवाल्याच्या गळ्यात मारलं.

तिथून मला एका लिफ्टमनने उचललं.

"याचे फोटो आडवेच येतात हं," भंगारवाल्याने आधीच सांगून टाकलं.

"मग तर द्याच! माझा जन्म वर-खाली करण्यात गेलाय. आता जरा आडवं बघू द्या."

हा माणूस मला तिथल्या तिथे आवडला.

एका मोठ्या कचेरीत त्याची जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट होती. दार नीट लागलं नाही तर ती जागची हलायची नाही. तो चहाला गेला की साहेबमंडळी स्वतःच लिफ्ट घेऊन वर जायची आणि दार अर्धवट टाकून चालू पडायची. मग लिफ्ट वर अडकलेली आणि हा जिन्याखालून ओरडतोय, "दार!" घरीही ती सवय सुटली नाही. कपाट उघडं दिसलं, "दार!" डब्याचं झाकण उघडं राहिलं, तरी "दार!" बायको आधी वैतागायची. पुढे पुढे तीही तश्शीच ओरडू लागली.

तिचा पहिला फोटो त्याने सवयीने मला उभा धरून काढला. निघाली एक चिंचोळी पट्टी.

"अहो, माझे खांदे कुठे गेले?"

दुसऱ्यांदा आडवा धरला.

"आता खांदे आले तर डोकं गेलं! कमाल आहे बाई तुमची."

"अख्खी काढीन एकदा, डोक्यापासून पायापर्यंत. शब्द दिला," तो हसत म्हणाला.

हळूहळू त्याला युक्ती साधली. एक फोटो काढायचा, जागच्या जागी थोडं वळायचं, पहिल्याच्या कडेचा खांब किंवा खिडकी पुन्हा घेऊन दुसरा काढायचा, आणि छापून आले की सगळे डिंकाने जोडायचे. रस्ता, नदीकाठ, बाजार असे एकेक होत घराची भिंत भरली. मी फटीत कोंडलेला, तो लिफ्टमध्ये कोंडलेला, पण दोघांनी मिळून बरंच पाहिलं.

मग कचेरीत बटणांची नवी लिफ्ट आली आणि त्याचं काम संपलं. शेवटच्या दिवशी त्याने पहारेकऱ्याकडून गच्चीची किल्ली मागून घेतली. लिफ्ट गच्चीच्या एक मजला खालीच थांबायची, त्यामुळे इतक्या वर्षांत त्याने ती पाहिलीच नव्हती. मला डोळ्याला लावून, गोल वळत वळत, त्याने अख्खं शहर टिपलं. मध्येच थांबून डोळे पुसले. मग किती फोटो झाले ते दाखवणारा माझा आकडा पाहिला. एकच फोटो उरला होता.

"हा तिचा," तो म्हणाला.

तो काढायचा राहूनच गेला. त्याच आठवड्यात छातीत कळ आली आणि तो गेला. कुणीतरी मला खणात ठेवलं. अंधारात जीव नुसता घुसमटायचा, पण त्याहून भीती सुटकेची होती. कुणी माझं मागचं दार उजेडात उघडलं असतं, तर ती गच्ची, ते शहर, सगळं क्षणात पुसलं गेलं असतं.

आणि आज खण उघडला. त्याची सून आवराआवर करत होती.

"आई, हा कॅमेरा ठेवायचाय का? सेल गळले असतील आत. थांबा, उघडून बघते."

अगं बाई, मला सेल लागतच नाहीत! पण माझं ऐकतंय कोण? तिचं नख कडीखाली शिरलं.

"दार!"

सून दचकली. हात जागीच थांबला.

"केवढ्यानं ओरडता, आई!"

"कपाटाचं दार गं," खिडकीशी बसलेली सासू म्हणाली. "उठताना डोक्याला लागेल."

सुनेने हसत कपाट लावलं. मग तिची नजर माझ्या आकड्यावर गेली.

"अगंबाई, रीळ आहे वाटतं आत."

सासू खिडकीपासून उठून जवळ आली. "गच्चीचं असेल," ती म्हणाली. "शहर आणलंय म्हणाले होते. आणि एक फोटो माझ्यासाठी ठेवलाय, असंही म्हणाले होते."

सुनेने मला डोळ्याला लावलं. सासू मागे सरकत भिंतीला टेकली.

"अजून लांब जायला हवं. याच्यात डोकं कापलं जातं," तिने स्वतःच सांगितलं. मग उंबरा ओलांडून ती बाहेरच्या व्हरांड्यात गेली, पार टोकापर्यंत. केस सारखे केले.

"आता?"

"आता अख्ख्या आलात, आई."

कट्.

रीळ संपलं. आता मला फोटोवाल्याकडे नेतील. बाबांनो, माझं एवढं ऐका. आधी खोलीत अंधार करा, खोलीचं दार नीट लावा, आणि मगच माझं उघडा.