अंगावरून गेलेली गाडी

मागच्या शनिवारी माझ्या नवऱ्याने माझ्या अंगावरून ट्रक नेला. दुपारची जेवणं उरकेपर्यंत सगळं गाव म्हणायला लागलं होतं की त्या ट्रकमुळेच मी वाचले. मी अजून त्या धक्क्यातून बाहेर आलेले नाही. आणि कुठल्या धक्क्यातून, ते आता सांगते.

माझा नवरा रॉइस वाईट माणूस नाही. दारू बेताची, जुगार नाही, दर रविवारी माझ्याबरोबर चर्चला येतो आणि तिथे घोरत नाही. त्याचा जीव दोनच गोष्टींत अडकलेला आहे. एक त्याचा पिकअप ट्रक आणि दुसरी त्याची मांस धुरावर शिजवायची भट्टी. आमच्या टेक्सासात ज्या पुरुषाकडे या दोन्हींपैकी एकही नाही, त्याच्या तब्येतीची लोक चौकशी करतात. पण रॉइसचं प्रेम जरा जास्तच. ट्रक चांगला होता. विकत आणला तेव्हा मी सहज त्यात चढून बसत होते. मग त्याने आणि त्याचा मित्र हर्शेल याने मिळून तो वीतभर उंच केला, खाली माझ्या कमरेला लागतील असे टायर बसवले, पुढे लोखंडी कठडा लावला आणि धुराचा पाइप असा बदलला की गाडी सुरू झाली की स्वयंपाकघरातल्या बशा थरथरतात. मला आता त्यात चढायला स्टूल लागतं.

"एवढं उंच कशाला?" मी विचारलं होतं.

"रस्ता नीट दिसतो, वहिनी," हर्शेल म्हणाला. तो चाकाखालून फक्त डोकं बाहेर काढून बोलत होता. "वर बसलं की सगळं दिसतं."

भट्टीचं नेमकं उलटं. जुन्या गॅसच्या टाकीला वेल्डिंग करून रॉइसने ती स्वतः बनवली आणि ट्रेलरवर चढवली. तिची जळणाची पेटी त्याने मुद्दाम जमिनीलगत ठेवली, कारण गुडघे दुखतात आणि खुर्चीत बसून ओकची लाकडं सारता यायला हवीत. गाडी आभाळात आणि आग जमिनीवर, असा आमचा संसार.

शनिवारी गावच्या अग्निशमन दलाच्या मदतीसाठी जेवण होतं. आमच्याकडे आगीचा बंब चालवणारे सगळे गावातलेच लोक, बिनपगारी. त्यांच्या नव्या पाण्याच्या नळ्यांसाठी वर्षातून एकदा सगळं गाव मिळून जेवतं. मांस रॉइसचं, हे ठरलेलं. शुक्रवारी संध्याकाळीच त्याने मीठ-मिरी चोळून बैलाच्या छातीचे मोठाले तुकडे भट्टीत ठेवले होते. पण या मांसाची एक खोड असते. अर्ध्यावर आलं की त्याची उष्णता हटून बसते, तासन्‌तास तसूभर वर चढत नाही. कितीही लाकूड घाला, ते ऐकत नाही. सकाळी तेच झालं. जेवणाची वेळ जवळ आली आणि मांस काही हलेना.

दुसऱ्या कुणी ते बाहेर काढून ओव्हनमध्ये टाकलं असतं. रॉइसला हे सुचवणं म्हणजे त्याच्या आईला शिवी देणं. त्याने ठरवलं, जळती भट्टी तशीच ट्रकला जोडायची आणि हळूहळू दलाच्या हॉलपर्यंत न्यायची. वाटेत मांस होत राहील. हे इथले पुरुष करतात. वेडेपणा आहे हे त्यांच्या बायकांना माहीत असतं, पण त्या दिवशी मीसुद्धा बटाट्याच्या सॅलडचं पातेलं गाडीत ठेवत होते, त्यामुळे मला बोलायला जागा नाही.

पातेलं ठेवून मी पुढे आले तर कठड्याच्या सावलीत आमचा कुत्रा झोपलेला. म्हातारा झाला आहे, ठार बहिरा आहे, हाक मारून उपयोग नसतो. मी वाकले आणि त्याचा पट्टा धरून ओढायला लागले. इतक्यात डोक्यावर इंजिन सुरू झालं.

मी ओरडले. "थांब" म्हणाले, त्याचं नाव घेतलं, किंचाळलेसुद्धा. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. कुत्र्याला मी कसा ढकलला ते आठवत नाही, पण तो बाहेर गेला. मला उठायला वेळ मिळाला नाही. कठडा माझ्या खांद्याला लागला आणि मी खडीवर पालथी पडले. मग आपोआपच मी सपाट झाले. हात अंगाशी, गाल दगडांत, आणि डोक्यावरून लोखंडाचं छप्पर सरकत होतं. पाठीवरून काहीतरी गेलं, ब्लाउज टरकन फाटला. दोन्ही बाजूंनी ते टायर खडी चिरडत चालले होते. मला देव आठवला नाही, आमच्या मुली आठवल्या नाहीत. मला आठवली ती जळणाची पेटी. मागून ती येत होती, जमिनीपासून वीतभरही उंच नसलेली, लाल झालेली. ट्रक माझ्यावरून जाईल, पण ती जाणार नाही, हे मला लख्ख कळत होतं. तिची धग माझ्या तळपायांना लागायला लागली.

आणि ट्रक थांबला.

इंजिन बंद झालं. दार उघडलं. रॉइसचे बूट खाली उतरले. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, दिसले मी त्याला, कळलं त्याला. ते बूट घाईघाईने आले, अगदी माझ्या चेहऱ्यासमोरून, आणि न थांबता मागे गेले.

त्याने भट्टीचं झाकण उघडलं.

झालं होतं ते असं. मी घरात गेले असं समजून रॉइस गाडी दारापाशी घेत होता. मांसात एक सळई खुपसलेली असते, ती उष्णता मोजून त्याच्या फोनवर पाठवते. गाडी हलली तेव्हा ती सळई निसटली आणि फोन बोंबलायला लागला. बाहेरचं काही ऐकू येत नसलं तरी फोन समोरच अडकवलेला होता, तो त्याला ऐकू आला. म्हणून तो थांबला.

"काही झालं नाही राणी," तो मांसाला म्हणाला. असाच बोलतो तो त्याच्याशी, लाडाने. "वाचलीस हं. जरा हललीस, बस्स."

मी गाडीखाली पडले होते आणि हे ऐकत होते. मी इतकी सुन्न झाले की हाकही लगेच मारता आली नाही.

"रॉइस," मी शेवटी म्हणाले.

बूट वळले. "काय गं? कुठे आहेस?" तो घराच्या दाराकडे गेला. "चल लवकर, उशीर होतोय."

"खाली बघ."

गुडघे आले, मग हात आले, मग त्याचा चेहरा. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यात रक्ताचा थेंब उरला नव्हता. त्याने माझ्या काखांत हात घालून मला बाहेर ओढलं आणि खडीवर बसवलं. मग माझे हातपाय चाचपायला लागला, पुन्हा पुन्हा तेच, तोच हात, तोच पाय. "दिसली नाहीस," एवढंच म्हणत होता. "वांडा, तू मला दिसलीच नाहीस."

मोडलं काही नव्हतं. पाठ सोललेली, खांदा काळानिळा. डॉक्टरकडे जाऊया म्हणाला, मी नको म्हटलं. गावातली निम्मी माणसं जेवायला ताटकळली होती, आणि खरं सांगायचं तर मला माणसांत जायचं होतं. मी कपडे बदलले आणि आम्ही गेलो. वाटेत तो रडत होता. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. त्या वेळी मी त्याला सगळं माफ केलं होतं, हे मुद्दाम सांगते.

हॉलवर त्याची मोठी बहीण मर्ना ताटं लावत होती. तिनेच माझा खांदा पाहिला आणि तिनेच विचारलं. रॉइसने सांगितलं, मान खाली घालून, जसं झालं तसं. भोवती माणसं जमली.

मग हर्शेलने शीळ घातली. "म्हणजे वहिनी, उंच केली म्हणून वाचलात. आधीसारखी बुटकी असती तर चपाती झाली असती तुमची."

"खरंच की," कुणीतरी म्हणालं.

"आधीसारखी बुटकी असती तर मी त्याला दिसले असते," मी म्हणाले.

"देवालाच काळजी," मर्ना म्हणाली. "त्यानेच रॉइसला सुबुद्धी दिली, गाडी उंच करायची."

मी रॉइसकडे पाहिलं. मांस कापायला घेतलं त्याने. आणि खोटं कशाला बोलू, मांस अप्रतिम झालं होतं. लोक रांगेत येत होते, प्रत्येक जण विचारत होता, आणि तो प्रत्येकाला सांगत होता. आधी त्याची मान वर नव्हती. मग हळूहळू वर आली. तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत "दिसली नाही" हे गळलं होतं. शेवटी मी सॅलड वाढता वाढता माझ्या कानांनी ऐकलं, "वीतभर उंच केली होती म्हणून बरं, नाहीतर आज बायको गेली असती." सुरी चालवत चालवत, हसून. समोरच्याने त्याची पाठ थोपटली. एका बाईने मला ट्रकशेजारी उभं राहायला सांगितलं, फोटोसाठी.

गाडीखाली मी घाबरले होते. इथे मी हादरले. मला चिरडता चिरडता राहिलेला माझा नवरा एका जेवणाच्या वेळात मला वाचवणारा माणूस झाला होता. आणि त्याचा त्यावर विश्वास बसला होता.

घरी आलो तेव्हा ऊन अजून होतं. त्याने ट्रेलर सोडवला. मी हात पुढे केला.

"चावी दे."

"तुला चालवायचीय?" त्याला बरंच वाटलं.

"पुढे जाऊन झोप. मी होते तिथे."

तो हसला. मी हसले नाही. मग तो गेला आणि कठड्यासमोर खडीवर पालथा झोपला, मला खूश करायला. मी स्टूल लावून वर चढले. आसन मऊ होतं, थंड होतं. तिथून गावच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचता येत होती. हर्शेलच्या शेळ्या दिसत होत्या, कुंपणापलीकडचा रस्ता दिसत होता. माझा नवरा दिसत नव्हता.

"हात वर कर," मी खिडकीतून ओरडले. त्याने केला असणार. मला हातही दिसला नाही.

मी ब्रेकवर पाय घट्ट रोवला, गियरला हातही लावला नाही आणि चावी फिरवली. आसन खालून गुरगुरायला लागलं. बरं वाटतं ते अंगाला, हे मला तेव्हा कळलं. मी पुढे पाहत बसले. पुढे रस्ता होता आणि आभाळ होतं, आणि त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. गियर टाकून पाय उचलला असता तर एक हलकासा गचका बसला असता, बस्स. मी गाडी बंद केली आणि स्टूल न शोधताच उडी मारून खाली उतरले.

तो उठला नव्हता. दोन्ही हात डोक्यावर धरून तसाच पडला होता. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मी खाली बसले तेव्हा त्याने मान वळवली. गालात खडे रुतले होते.

"मी ओरडत होतो," तो म्हणाला. "बंद कर, बंद कर म्हणून. ऐकलं नाहीस?"

"नाही."

त्याने गालातला एक खडा काढून हातात धरला.

"तूसुद्धा ओरडली होतीस?"

"तुझं नाव घेऊन," मी म्हणाले.

तो उठून बसला, पण माझ्याकडे बघेना. खिशातून फोन काढला आणि हर्शेलला लावला. पलीकडून हर्शेल काहीतरी गमतीचं बोलत होता, रॉइस तो थांबायची वाट बघत होता.

"ऐक," तो शेवटी म्हणाला. "मघाशी मी सगळ्यांना चुकीचं सांगितलं. मी वांडाच्या अंगावर गाडी घातली. ती ओरडत होती, आणि मी थांबलो तो मांसासाठी."