आठची घंटा

“सतरा मिनिटं, चार सेकंद,” परीक्षक म्हणाले.

“सर, घड्याळ एकदा बघता का?” मी जमिनीवर पालथा पडूनच विचारलं.

“बघितलं. त्याचंही तेच म्हणणं आहे.”

तीन किलोमीटर पंधरा मिनिटांत धावायचं होतं. सैन्यात अधिकारी व्हायची माझी ही शेवटची संधी. पुढच्या परीक्षेपर्यंत मी वयाच्या अटीपेक्षा नऊ दिवसांनी म्हातारा होणार होतो. लेखी पार पडली, मुलाखत पार पडली आणि अडलो कुठे, तर पायांत. कॉलेजात मला ‘गोळी’ म्हणतात.

हे नाव फुकट मिळालं नव्हतं. छात्रसेनेच्या परेडचं मैदान गावाच्या एका टोकाला, कॉलेज दुसऱ्या. परेड पावणेआठला सुटायची, पहिली घंटा आठला आणि मधे बरोब्बर तीन किलोमीटर. घंटेचा आवाज विरायच्या आत गणिताचे सर दाराला कडी घालत. हजेरी कमी पडली की पदवी नाही, पदवी नाही तर अधिकारीही नाही. तीन वर्षांत माझं दार एकदाही चुकलं नाही. परेडला मनगटावर काही चालत नसे, म्हणून मी घड्याळ वापरत नव्हतो. घंटा होती की.

घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा आणि ती वाजवणारे शिपाई म्हणजे माझे अप्पा. प्राचार्यांचं घड्याळ पुढे पळायचं. त्यांनी ते दोनदा दुरुस्त करून आणलं, मग नवीन घेतलं. तेही पळायला लागलं.

“साहेब, हल्ली मालच तसा येतो,” अप्पा गंभीरपणे म्हणायचे.

पोरांच्या मोबाइलमध्ये खरी वेळ असणारच. पण तास उशिरा सुरू होतो, अशी तक्रार जगातल्या कुठल्याच विद्यार्थ्यानं आजवर केलेली नाही.

घरी आल्यावर मी निकाल सांगितला. आई बराच वेळ ताट पुसत राहिली.

“दोनच मिनिटं ना रे? दोन मिनिटांत माझं दूधसुद्धा तापत नाही.”

“त्यांना सांगायला हवं होतं,” मी म्हणालो. “दुधाचा मुद्दा राहूनच गेला.”

अप्पांचा घास हातातच राहिला होता.

“रोज तर पोचतोस,” ते ताटाकडे बघत म्हणाले.

“रोज पोचतो.”

“मग त्यांचं घड्याळच खराब असणार.” ते उठले. ताटात अर्धी पोळी तशीच होती. अन्न टाकणाऱ्याला अप्पा एरवी फाडून खात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गणवेश परत द्यायला गेलो. परेड घेणाऱ्या उस्तादांनी बूट, पट्टा, टोपी सगळं मोजून घेतलं, पाठीवर थाप मारली आणि पावणेआठला सगळ्यांबरोबर मलाही सोडलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या रस्त्यानं मी चालत निघालो. एरवी ओळखीची कुत्रीसुद्धा मागे लागायची. आज त्यांनी नुसतं बघितलं.

औषधांच्या दुकानातल्या घड्याळात सव्वाआठ झाले होते. घंटा इथवर ऐकू येते. आली नव्हती. मला वाटलं, हेही घड्याळ पळत असेल. पुढे बँकेतलं पाहिलं. आठ सतरा. गावातली सगळी घड्याळं एकाच कंपनीची असावीत, असा विचार करत मी कोपऱ्यावर आलो आणि थांबलो.

सगळं कॉलेज व्हरांड्यात उभं होतं. गणिताचे सर दाराच्या कडीला हात लावून. प्राचार्य घड्याळ कानाशी धरून हलवत होते. आणि अप्पा पायरीवर, हातोडी उचललेली, टाचा वर करून मैदानाच्या रस्त्याकडे बघत होते.

“अहो, वाजवा की!” प्राचार्य ओरडले.

“व्हायचेत अजून,” अप्पा म्हणाले.

हे किती वर्षं चाललं होतं, ते मला कोपऱ्यावर उभ्या उभ्या कळलं.

मग मी धावलो. तेवढा शंभर पावलांचा रस्ता जीव खाऊन धावलो, तीन किलोमीटर पळत आल्यासारखा धापा टाकत फाटकातून आत शिरलो. हातोडी पडली. आठ वाजले.

“पोचलो का?” मी विचारलं.

“वेळेत,” अप्पा म्हणाले. त्यांनी माझ्या पायांतल्या साध्या चपला पाहिल्या. “म्हटलं नव्हतं? त्यांचंच घड्याळ खराब.”

“हो, अप्पा.”

रूळ अजून थरथरत होता. त्यांनी तळहात टेकवून तो थांबवला.