रोवणीची सुट्टी

आमचे हे, म्हणजे तेजराम, भिलाईच्या कारखान्यातूनच शेती करायचे. जानेवारीत खात्यात सुट्ट्यांचा चार्ट निघाला, की हे पाच ते पंधरा जुलै भरून टाकत. कारण लिहीत, 'शेतीची देखरेख'. बरीच वर्षं पाऊसही बिचारा चार्ट बघूनच यायचा. मग त्यानं चार्ट बघणं सोडलं. ह्यांनी सोडलं नाही.

शेत गोंदियाजवळच्या गावी. ते कसायची माझी विधवा जाऊ, मनकर्णा. तिथल्या पाच बांध्यांतून, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वाफ्यांतून, दोन्ही घरांचा वर्षाचा तांदूळ यायचा.

सत्याऐंशीच्या जुलैत हे गेले, तर बांध्यांत धूळ. चिखलात रोवायचे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, विहिरीच्या पाण्यावर कसेबसे जगत होते.

"भाऊजी, पानी दरसाल मागं सरकून राहिला," मनकर्णा म्हणाली. "भारी धानात यंदा दाना भरनार नाही. हलकं धान फेकून पेरू, तीन महिन्यांत हाती येते."

"हलकं धान गरिबाचं, वहिनी. आमच्या फर्नेसवर टाइम म्हणजे टाइम. रोवणीच होईन."

दहा दिवस हे शेताच्या धुऱ्यावर बसून आभाळाची हजेरी घेत राहिले. आभाळ गैरहजर. पंधराला सुट्टी संपली, म्हणजे देखरेखही संपली. परतल्यावर खुर्सीपारच्या चहाटपरीवर आठवडाभर शेतीवर भाषणं झाली. घरी माझा तांदळाचा डबा तळाला लागला होता आणि मला धास्ती वाटत होती.

पाऊस जुलैच्या शेवटी आला आणि सप्टेंबर लागताच गेला. ह्यांच्या हुकमानं रोवलेल्या दोन बांध्यांत नुसत्या पोचट लोंब्या राहिल्या. उरलेल्या तीन बांध्यांत मनकर्णेनं कुणाला न विचारता हलकं धान फेकलं होतं.

दिवाळीआधी ती स्वतःच पोतं घेऊन पॅसेंजरनं आली.

"गरिबाचं हाय भाऊजी," ती ताटात भात वाढत म्हणाली, "पन शिजते."

मला हसू आलं आणि तिच्या हातांकडे पाहून रडूही आलं. ह्यांनी दोनदा भात मागून घेतला.

जानेवारीत चार्ट निघाला. खात्यातले कारकून गुलाबराव ह्यांचा सुट्टीचा अर्ज हातात घेऊन घरी आले.

"तेजराम, तारीख टाकाले विसरला का तू?"

"विसरलो नाही," हे म्हणाले. "वहिनीले विचारून सांगतो."