शिट्टीवर उडणारे कारंजे

मित्रांनो, मी फ्रान्समधल्या लवार नदीकाठच्या हवेलीतले एक जुने दगडी कारंजे. पाथरवटाने मला मासा म्हणून घडवले, पण तोंड डुकराचे झाले. तेही मी सोसले.

राजासारखी आपलीही बाग असावी, तिच्यात कारंजे सतत उडत राहावे, ही मालक गास्पार यांची हौस. पण टेकडीवरच्या हौदात तेवढे पाणी कुठे होते? मग मालक येताना दिसले, की माळी बार्नबे शिट्टी वाजवी आणि त्याची बायको पेरिन तोटी फिरवी. मालकांची पाठ वळली, की मी बंद! मालक पाहुण्यांना सांगत, "रात्रंदिवस चालतं हे!" पाहुणे माना डोलावत. मला चीड येई. मी काय दारावरची घंटा आहे?

वसंतात मालक वारले. त्या उन्हाळ्यात पाऊस पडलाच नाही. एके सकाळी त्यांची मुलगी इझाबो बागेत आली, तशी शिट्टी वाजली आणि मी उडू लागले.

"बंद कर, बार्नबे," ती म्हणाली. "बाबा गेले आता."

"सवय हो, बाईसाहेब. पाऊल वाजलं की तोंडातून निघतेच."

"त्यांना कधी कळलं नाही?"

"कळलं असतं तर आम्ही इथं असतो का?" पेरिन म्हणाली.

इझाबो हसली, मग भिंतीकडे वळली. भिंतीलगत मालकांनी स्वतः कलम केलेली नासपतीची झाडे पाने गाळत होती. हौदात पाणी उरले होते ते झाडांपुरते किंवा माझ्यापुरते.

तिचा भाऊ आर्मां धावत आला. "उद्या दरबारातली माणसं येतायत, ताई! कोरडं कारंजं दाखवू? बाबांची शोभा होईल!"

"झाडं वाळली तर पुन्हा कलम करायला बाबा येणार आहेत का?"

 इझाबोने बाह्या वर सारल्या आणि हौदाचे पाणी पाटाने भिंतीकडे सोडले. एकेका बुंध्याशी माती भिजेपर्यंत ती उभी राहिली. कलमाच्या गाठीवरून तिने हात फिरवला, तो तिथेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे माझ्यापुढून नाक मुरडून गेले. खुशाल जावोत!

मित्रांनो, माझ्या तोंडात पाला अडकला आहे. सवड मिळाली तर काढा. पण आधी झाडांना पाणी घाला. मी दगड आहे, मला थांबता येते.