झिणझिण्यांच्या शोधात

तापातून उठल्यावर ताईला वास येईनासा झाला, आणि वासापाठोपाठ चवही गेली. सुरुवातीला आम्ही थट्टाच केली. बरं झालं, आता भावोजींचे मोजे खुशाल घरात वाळू देत, असं मीच म्हणाले होते. पण ऋतू बदलला, ताईचे कपडे तिच्या अंगावर लोंबायला लागले, तरी वासाचा पत्ता नाही. ती जेवायला बसायची, चार घास कसेबसे गिळायची आणि ताट सरकवायची. "ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागतं गं," म्हणायची.

आणि ही बाई कोण, तर एका मोठ्या कारखान्याच्या कॅन्टीनची मुख्य स्वयंपाकीण! पातेल्याचं झाकण नुसतं किलकिलं केलं तरी मीठ विसरलंय हे दारातून सांगणारी. आता रजा संपत आली होती आणि ती म्हणत होती, "परत जाऊन करू काय? मला चुलीपुढे उभं राहायची भीती वाटते." माझी ताई आणि भीती! माझं डोकंच फिरलं. तिला खरंच पुन्हा भूक लागली नाही तर, या विचाराने मला झोप येईनाशी झाली होती.

वाट दाखवली ती कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी. "वास कधी येईल ते सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण थंडावा, जळजळ, झिणझिण्या या गोष्टी जिभेला स्पर्शासारख्या कळतात. त्यांची वाट वेगळी. तेवढ्यावरही काहींना जेवणाची गोडी परत लागते." मग फाइल मिटून त्यांनी एकदम शेजारणीच्या सुरात विचारलं, "मापो टोफू खाल्लंय का कधी? खरंखुरं, चीनमधल्या सिचुआनचं?"

नव्हतं खाल्लं. त्यांनी समजावलं. मऊसूत टोफूचे, म्हणजे सोयाच्या पनीरचे तुकडे, चिमूटभर खिमा, आंबवलेल्या वालासारख्या कडधान्याची तिखट पेस्ट, वर लालभडक तेल आणि त्यावर सिचुआनची मिरी भाजून कुटलेली. ही मिरी आपल्या तिरफळाच्या गोतातली. तिखटापेक्षा तिची करामत निराळी, ती ओठ बधिर करते आणि जिभेवर मुंग्या सोडते.

मी तिथल्या तिथे बाह्या सरसावल्या. मी लिफ्टची मेकॅनिक आहे. या शहरातल्या निम्म्या इमारतींच्या पोटात मी कधी ना कधी उतरलेली आहे, आणि लिफ्टच्या बोळात उभं राहिलं की कोणत्या मजल्यावर काय शिजतंय ते आपोआप कळतं. शिवाय पहारेकऱ्यांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांशी माझी बोलचाल. जिथे जाईन तिथे मी एकच प्रश्न विचारायला लागले. सिचुआनचं चांगलं हॉटेल कुठलं? आमचा वरिष्ठ म्हणाला, बाई कामाला येते की जेवायला. मी म्हटलं, दोन्हीला.

दर रविवारी दुपारी आम्ही तिघं निघायचो. मी, ताई आणि भावोजी. पहिलं हॉटेल काचेच्या इमारतीत, नॅपकिन घडी घालून फुलासारखे उभे केलेले. मापो टोफू आलं ते गोडसर आणि चिकट, जणू लाल खळ. दुसऱ्या ठिकाणी त्यात चक्क मटार. मटार! तिसऱ्या ठिकाणी रंग झकास, तेलही वर तरंगत होतं, पण ओठांना ढिम्म काही होईना. ताई प्रत्येक वेळी दोन चमचे खायची आणि वाढणाऱ्याला म्हणायची, "छान आहे." तिचं ते "छान" मला काट्यासारखं रुतायचं. उगाच कशालाही छान म्हणणाऱ्यातली नव्हतीच ती.

बाहेर पडल्यावर मी हॉटेलवाल्यांच्या नावाने शंख करायचे. भावोजी मला शांत करायचे. आमचे भावोजी म्हणजे देवमाणूस, पण धास्तावलेला. उभा जन्म औषधांच्या दुकानात गेलेला, त्यामुळे त्यांना जगातली कुठलीही गोष्ट अर्धी करूनच घ्यावीशी वाटते. डोकं दुखलं, अर्धी गोळी. चहा, अर्धा कप. माझ्या बोलण्यावर हसायचं झालं तरी अर्धंच. मी त्यांना मनातल्या मनात अर्धीगोळी म्हणते, आणि ते त्यांना ठाऊक आहे.

मग एकदा बाजारामागच्या गल्लीत एका जुन्या लिफ्टचा दोर बदलून मी भुकेने कासावीस झाले होते. शेजारीच एक अरुंद हॉटेल. ओळीने मांडलेली टेबलं, भिंतीला लागून हात धुवायचं बेसिन, मागे पडदा आणि पडद्यापलीकडे स्वयंपाकघर. गल्ल्यावर सिचुआनहून आलेली मालकीण, आत तिचा नवरा. मी मापो टोफू मागवलं आणि पहिल्याच घासाला माझे ओठ माझे राहिले नाहीत. डोळ्यांतून पाणी, कानामागे घाम, जिभेवर वीज. मी एकटीच खदाखदा हसले. मालकीणही हसली. सापडलं! रस्त्यावरून मी जवळजवळ नाचतच गाडीपर्यंत गेले.

त्या रविवारी दोघांना ओढतच तिथे नेलं. तेच टेबल, तोच पदार्थ. भावोजी हात धुऊन येतो म्हणाले, बऱ्याच वेळाने आले, आणि मागोमाग वाडगाही आला. मी आशेने ताईच्या तोंडाकडे बघत बसले.

ताईने घास घेतला. चावला. गिळला.

"छान आहे," ती म्हणाली.

मी तिच्या हातातून चमचा घेऊन चाखलं. पांचट! खीर तरी यापेक्षा तिखट असेल. मी ताडकन उठले. मालकिणीच्या अंगावर जायच्या बेतात होते, पण ती अशा पडलेल्या चेहऱ्याने आमच्याकडे बघत होती की मी तिथेच थबकले. आमच्या धंद्यात पहिली शिकवण असते. लिफ्टचं दार एका मजल्यावर अडकलं तर दोष त्या मजल्यावर शोधा. सगळ्याच मजल्यांवर अडकत असेल, तर सगळीकडे सोबत फिरणाऱ्या लिफ्टच्या पेटीत शोधा. मी एकटी आले तेव्हा झिणझिण्या होत्या. आज नाहीत. मग आमच्यासोबत हॉटेलाहॉटेलांतून काय फिरतंय?

मी भिंतीकडे पाहिलं. बेसिन आमच्या पाठीशीच होतं, हात मागे केला तर नळाला लागेल इतकं जवळ. आणि भावोजी हात धुवायला पडद्याआड गेले होते.

"भावोजी," मी म्हटलं, "तुम्ही हात कुठे धुतलेत?"

भावोजींचे कान लाल झाले. ते टेबलावरचा कागदी रुमाल घडी घालायला लागले. एक घडी, अर्धी घडी, पाव घडी.

"आतच धुतले," ते म्हणाले.

"आणि आत काय सांगितलंत?"

"अगं, तिचं पोट किती नाजूक झालंय... तापात घोटभर पाणीसुद्धा ठरत नव्हतं तिला. तू नव्हतीस तेव्हा. मी फक्त सांगितलं की पेशंट आहे, तिखट नावाला घाला आणि ती मिरी नको. अंगावर उमटलं काही तर?"

"दर वेळी?" मी ओरडले. "प्रत्येक हॉटेलात?"

त्यांनी मान खाली घातली. मी आणखी बोलणार होते, तोंडाशी आलंही होतं, पण ताईने टेबलावर हात आपटला. वाडगा उडाला. तापानंतर तिचा असा आवाज मी ऐकलाच नव्हता.

"अहो, मी रोज रात्री रडत होते! मला वाटलं ती दुसरी वाटही बंद झाली. जीभच मेली माझी, आता कशानेच काही होणार नाही, असं धरून चालले होते मी. आणि तुम्ही मला पेज चारत होतात?"

ताई उठली, पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला गुंडाळली आणि थेट गल्ल्यापाशी गेली.

"हे घेऊन जा," तिने मालकिणीला सांगितलं. "तुम्ही घरी जसं खाता तसं करा. या गृहस्थांचं काही ऐकू नका. चांगले आहेत, पण ऐकू नका."

मालकीण पडद्यातून आत ओरडली. आतून कढईचा खणखणाट झाला. नवा वाडगा आला तो अजून रटरटत होता, वर काळपट मिरीची पूड आणि लाल तेलाचे डोळे.

ताईने घास घेतला. काहीच झालं नाही. तिने खाली बघितलं. मग तिने हळूच दोन बोटं ओठांवर ठेवली.

"अगं," ती म्हणाली. "अगं, हे थरथरतंय!"

"काय?"

"ओठ! जीभ! सगळं तोंड जागं झालंय माझं!" तिचं नाक गळायला लागलं आणि ती हसत सुटली. नाक पुसायचं, हसायचं, घास घ्यायचा, असा तिचा सपाटा सुरू झाला. मी भाताचा वाडगा पुढे केला, तो संपला. माझाही तिने ओढून घेतला. अर्ध्यावर थांबून तिने टोफूचा एक तुकडा चमच्यावर धरला आणि डोळे बारीक केले, अगदी कॅन्टीनमधल्यासारखे.

"बघितलंस, एकही मोडलेला नाही. मिठाच्या गरम पाण्यात सोडून घेतलाय आधी. आणि मिरी शेवटी घातलीय, दाताखाली भाजलेली कळते." ती मालकिणीकडे वळली. "हो ना?"

मालकिणीने जोरजोरात मान हलवली.

"वास आला का गं?" मी घाबरत विचारलं.

"छे. वासबीस काही नाही." पण तिचा चमचा थांबला नाही. "मीठ चाखायला कॅन्टीनमध्ये चार तोंडं आहेत. शिजलंय की नाही ते मला हाताला कळतं. सोमवारी मी कामावर जातेय. आणि आणखी भात सांग."

मला इतका आनंद झाला की मी टेबलावर चढून नाचले असते, पण टेबल डुगडुगत होतं. मी ओरडूनच भात मागवला. पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. बघू देत. माझी ताई जेवत होती.

भावोजी मात्र कोपऱ्यात चष्मा काढून डोळे पुसत होते.

"अहो, आता तुम्हाला काय झालं?" ताईने भरल्या तोंडाने विचारलं.

"तिखट लागलं गं," भावोजी म्हणाले.

त्यांचा चमचा अजून कोरडाच होता.