पांढरी बशी आणि पिवळी माशी

मी एक बशी बोलतेय. हसू नका. जिच्यात चहा कमी सांडला आणि किडे जास्त पोहले, अशा बशीकडे सांगण्यासारखं थोडंफार असतंच.

भट्टीतून बाहेर पडले तेव्हा मी दुधासारखी पांढरी होते. काठावर निळी बारीक रेघ, आणि डोक्यावर मिरवायला माझा स्वतःचा कप. आम्ही दोघं ज्या घरी आलो, तिथल्या मांजरीला शेपटी सांभाळता येत नव्हती. आठवड्याच्या आत कप फरशीवर पडून फुटला. कपाशिवायची बशी म्हणजे भांड्यांमधली आश्रित. माझी रवानगी कुंडीखाली व्हायची होती. तेवढ्यात घरच्या मालकांनी मला उचललं आणि उजेडाकडे धरलं.

"हिला ठेवा," ते म्हणाले. "पांढऱ्यावर रंगाला खोटं बोलता येत नाही."

त्यांना सगळे पिसेकाका म्हणत. कपड्यांवर, मिशीत, कधी कधी आमटीच्या वाटीतसुद्धा पीस सापडायचं, म्हणून हे नाव. त्यांचा धंदा नकली माश्या बांधण्याचा. जवळच्या नदीत ट्राऊट मासा आहे. अंगावर ठिपके आणि स्वभावाने भारी चिकित्सक. पाण्यावर तरंगणारे किडे तो टिपून खातो. गळावर दोरा, सशाची लव आणि कोंबड्याचं पीस गुंडाळून त्या किड्याची नक्कल करायची, याला म्हणायचं माशी बांधणं. मासा माशीला भुलला की गळ टाकणारा खूश.

पिसेकाका सकाळी नदीवरून बाटलीत एक जिवंत किडा आणत. माझ्यात चमचाभर पाणी घालून त्याला अलगद सोडत आणि शेजारी लवेची चिमूट ठेवत, तीही ओली करून.

"कोरडी लव एक सांगते, भिजली की दुसरंच," ते म्हणत. "आणि रंग बघायचा तो पोटाचा. पाठ तुम्हीआम्ही बघतो. मासा खालून बघतो."

मेलेल्या किड्याचा रंग उतरतो, म्हणून बाटलीत वाळलेला किडा त्यांना चालायचा नाही. शेवाळी, बदामी, राखाडी, असे चाळीस रंग त्यांच्या डब्यांत होते. त्यांतले दोन मिसळून एकेचाळिसावा करायलाही ते कमी करत नसत. त्यांच्या माशीवर एकदा खरी माशी येऊन बसली होती. मी साक्षीदार आहे.

अशी बरीच वर्षं गेली. मग मला एक गोष्ट खटकू लागली.

एके सकाळी माझ्यात जो किडा होता, त्याचं पोट सायीच्या रंगाचं होतं. काकांनी शेजारी लव ठेवली ती चांगली पिवळीधमक. मान तिरकी करून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "व्वा! जुळ्या बहिणी." मी मनात म्हटलं, जुळ्या कसल्या, या एका गावच्यासुद्धा नाहीत! पण बशीला तोंड असून बोलता येत नाही. याच सुमारास ते माझ्या काठावर चिडू लागले. "ही रेघ मळली आहे," म्हणत आणि मला खसाखसा घासत. रेघ होती तशीच निळी होती.

पहिली तक्रार पोस्टमननी आणली. आधी दारोदार हिंडायचे, ते निवृत्त झाल्यापासून नदीकाठी गळ घेऊन हिंडत. त्यांनी डबी उघडून टेबलावर ठेवली.

"पिसेकाका, मासे वर येतात, तुमची माशी बघतात आणि नाक मुरडून परत जातात. तीन दिवस झाले."

"मग माशांना नाक आलं असेल! माझा हात बदललेला नाही."

"हात कोण म्हणतंय? पण या जरा पिवळ्या नाहीत का?"

"तुम्ही पत्रं वाटलीत आयुष्यभर. रंगातलं मला सांगता?"

पोस्टमन डबी तिथेच ठेवून गेले. काकांनी त्या दिवशी एकही माशी बांधली नाही.

त्यांची सून खिडकीपाशी रफूचं काम करायची. फाटलेल्या कोटावर अशी रफू करायची की कोटाच्या मालकालाच भोक सापडू नये. दोरा कापडाला जुळवणं हेच तिचं रोजचं काम. तिने ती डबी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. सकाळचा किडा अजून माझ्यात होता आणि शेजारी पिवळी लवही. तिच्या लक्षात आलं. पण सासऱ्याला कसं सांगायचं? 

दुसऱ्या दिवशी ती हातात दोन दोरे घेऊन आली.

"बाबा, एका कोटाचं काम आलंय. या दोन्हीतला कुठला घेऊ?"

"दोन्ही एकच तर आहेत. काहीही घे."

"बल्बखाली नीट कळत नाही. जरा दारात या ना."

काका दारात आले. ऊन लख्ख होतं. त्यांनी दोरे डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, परत जवळ आणले.

"एकच आहेत, पोरी."

"एक पांढरा आहे, बाबा. दुसरा पिवळा."

काका उंबऱ्यावरच बसले. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण ते अगदी हळू बोलले. "कधीपासून असेल गं हे?"

"ते डॉक्टरांना विचारू."

"म्हणजे पोस्टमन बरोबर होते." ते म्हणाले. "आणि मी त्यांच्या पत्रांवर गेलो."

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशनला महिनाभर अवकाश होता आणि नदीवर किड्यांचा हंगाम तर ऐन भरात. माशी बांधताना गळ घट्ट धरून ठेवणाऱ्या शेगड्यावर काकांनी फडकं टाकलं. म्हणाले, झालं, धंदा मिटला. सुनेने फडकं उचललं, घडी करून बाजूला ठेवलं आणि मला त्यांच्यासमोर सरकवलं.

"हात तुमचे, डोळे माझे. कामाला लागा."

मग सुरू झाली गंमत. सून बघून सांगायची आणि काका बांधायचे. पण तिची रंगांची नावंच वेगळी!

"पोट कसलं आहे?"

"दोनदा धुतलेल्या उशीच्या अभ्र्यासारखं."

"हा काय रंग झाला? कुठल्या डब्यात आहे हा?"

"शेपटीकडे थोडी गंजलेल्या सेफ्टीपिनची छटा."

काका कपाळाला हात लावत आणि बांधत. एकदा तिने माशी भिजवून पाहिली तर रंग बदललेला. आतला काळा दोरा लवेतून डोकावत होता. रफूवालीला हे लगेच कळलं. "अस्तराचा रंग वर येतोय, बाबा." काकांनी हातातली कात्री खाली ठेवली. "हे शिकायला मला चार वर्षं लागली होती," ते म्हणाले.

तयार डबी घेऊन काका स्वतः पोस्टमनच्या दारी गेले. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी टेबलावर होते. पण तिसऱ्या दिवशी पोस्टमन कमरेपर्यंत ओलेचिंब होऊन आमच्या घरात शिरले. फरशीवर तळं झालं.

"माशाने घेतली! एवढा मोठा!" त्यांनी हात पसरले, आणि मांजर घाबरून पळाली. "कुणी जुळवला हा रंग?"

"आमच्या सूनबाईंनी," काका म्हणाले. इतक्या तोऱ्यात तर स्वतःच्या माशीबद्दलही ते कधी बोलले नव्हते.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर काका घरी आले, तेव्हा त्यांनी आधी मला हातात घेतलं.

"अगं, ही रेघ निळी आहे! मी हिला उगाच घासत होतो." मग त्यांनी पोस्टमन ठेवून गेले होते त्या डबीतल्या माश्या काढल्या आणि पोट धरून हसले. "या कुणी बांधल्या? जत्रेत निघाल्यासारख्या! मासा खाईल कशाला, तो घाबरून पळेल!"

आता टेबलाशी दोन खुर्च्या आहेत. काकांना सगळं स्पष्ट दिसतं, म्हणून भांडणं वाढली आहेत. ते म्हणतात बदामी, ती म्हणते जुन्या वर्तमानपत्राचा काठ. मधे मी. माझ्या पोटाला एक बारीक तडा गेलाय, पण पाणी अजून गळत नाही.

काल एक किडा आणला होता. अगदी कोवळा, पंख काचेसारखे. सून म्हणाली उशीचा अभ्रा, काका म्हणाले साय, आणि दोघांचा वाद रंगला. शेवटी सुनेने मला उचललं, पाणी हळूच ओतून दिलं आणि उघड्या खिडकीत ठेवलं.

"अगं, अजून ठरलं नाही!" काका ओरडले.

"याचं सगळं आयुष्य दोन दिवसांचं, बाबा. त्यातली पंधरा मिनिटं आपण घेतली. आता लक्षात ठेवून बांधा."

काका उठून खिडकीशी आले. किडा माझ्या निळ्या काठावर चढला. पंख वाळेपर्यंत थांबला.

तुम्हीही कधी असा एखादा किडा आणलात, तर एवढं माझं ऐका. त्याचा रंग डोळे भरून बघून घ्या. आणि मग खिडकी उघडा.

तो उडाला तेव्हा माझ्या काठाला त्याचं वजन गेल्याचं कळलंसुद्धा नाही. काका मात्र म्हणाले, "पोरी, तुझंच बरोबर. अभ्र्याचाच रंग आहे."